मागची रांग एकदम स्पष्ट

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे चौकशी झालीच, तर माझ्याकडे सगळं तारीखवार असावं. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मांजरा, तू वाचत असशील तर लाज वाटू दे.

मांजर म्हणजे ऑफिसातला नवा इंजिनिअर. बूट काढून मोज्यांवर फिरतो. मागे येऊन कधी उभा राहिला ते कळतसुद्धा नाही. येऊन महिना झाला नाही तोच मॅडम त्याला 'आपला' म्हणायला लागल्या. मला इतक्या वर्षांनंतरही 'अहो, ते तुमचं बघा जरा' एवढंच.

आमची कंपनी लोकांच्या घरी व्हीआर व्हिडिओ पाठवते. डोक्याला हेडसेट लावला की आपण थेट मैफलीत, नाहीतर मैदानात. मान वळवाल तिकडे चित्र. पण चारही बाजूंचं चित्र कडक स्पष्ट पाठवायला गेलं, तर घरातलं नेट मान टाकतं. म्हणून चित्राचे तुकडे करायचे. माणूस जिकडे बघतो तेवढेच तुकडे स्पष्ट पाठवायचे, बाकीचे धूसर. पाठीमागे धूसर आहे हे कळतंय कुणाला? हे सगळं काम माझ्या हाताखाली चालतं. पण याचाच अर्थ असा, की कोण कुठे बघतंय हे आमच्या सर्व्हरला क्षणाक्षणाला कळत असतं. आणि सर्व्हर कोण सांभाळतो? मांजर.

संकल्प: कुणावर उगाच संशय घ्यायचा नाही.

दुसरा संकल्प: मांजरावर बारीक लक्ष ठेवायचं.

४ मार्च, मंगळवार

टेस्टिंग. मत्स्यालयाचा व्हिडिओ. मान झटकन वळवली की मासे आधी धूसर दिसतात, मग स्पष्ट होतात. त्या मधल्या वेळात कुणीतरी काहीतरी करून घेतंय. मुद्दाम दिवसभर मान वळवून बघितली. प्रत्येक वेळी तेच.

मांजराला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, सर, तुम्ही मान वळवलीत हे सर्व्हरला कळायला आणि नवे तुकडे यायला थोडा वेळ लागणारच. उत्तर अगदी तयार होतं. निरपराध माणूस आधी जरा तरी गोंधळतो.

मान धरली आहे. डावीकडे वळत नाही.

६ मार्च, गुरुवार

लेकीला कॉलेजच्या नाटकात मुख्य भूमिका मिळाली. घड्याळं दुरुस्त करणारी म्हातारी बाई. हळूहळू तिला ऐकू येईनासं होतं. शेवटच्या प्रवेशात एक शब्द नाही. ती घड्याळ कानाला लावते, आणि तिला कळतं. जे काही आहे ते सगळं चेहऱ्यावर. एकच प्रयोग, बावीस तारखेला.

बायकोला येता येणार नाही. ती पुलाच्या कामावर इंजिनिअर आहे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. खांबांचं काँक्रीट चालू असताना तिला जागचं हलता येत नाही. जेवताना तिने हे फोनवर सांगितलं. लेक ताटातलं चिवडत बसली.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं: बायको तिसऱ्या रांगेत बसून नाटक बघेल. साइटवर हेडसेट पाठवतो. लेकीची पापणी लवलेलीसुद्धा तिला दिसेल. लेक म्हणाली, बाबा, तुला नक्की जमेल ना? स्वतःच्या बापाला हा प्रश्न! ज्याच्या हाताखाली हेच काम चालतं त्याला! मग म्हणाली, ते जमो न जमो, तू तरी नीट बघ हं. मागच्या नाटकात तू बघितलंच नाहीस. मागच्या वेळी मी सभागृहाचं वायफाय तपासत होतो. तेही नाटकासाठीच ना.

असो. शब्द दिलाय. आता माघार नाही.

९ मार्च, रविवार

लेक बेडरूममध्ये आईशी फोनवर कुजबुजत होती. मी आत गेलो की गप्प. मी बाहेर आलो की पुन्हा सुरू. घरातसुद्धा हेच.

ग्लास भिंतीला लावून ऐकावं म्हटलं. ग्लासात पाणी होतं. शर्ट बदलून परत आलो तोवर फक्त शेवटचं ऐकू आलं: बाबाला कळू देऊ नकोस. काय कळू द्यायचं नाही?

जेवताना लेकीकडे रोखून बघितलं. तिने विचारलं, मीठ हवंय का?

११ मार्च, मंगळवार

स्फोटक. मांजर स्वतःहून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, सर, बावीसला मुलीचं नाटक आहे ना तुमच्या? याला कसं कळलं? मी ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही. कॅमेरा मागताना मॅडमना सांगितलं, तेवढंच. आणि अकाउंट्समध्ये. आणि वॉचमनला. लिफ्टमध्ये दोघं-तिघं होते, पण ते दुसऱ्या मजल्यावरचे.

कुठेतरी पाणी मुरतंय. मांजराला माझी तुकड्यांची पद्धत हवी आहे. नाटक ही तिची पहिली मोठी परीक्षा, आणि हा तिथे टपून बसणार. उद्या मॅडमसमोर स्वतःचं म्हणून मांडेल.

ड्रॉवरला केस चिकटवून ठेवायचं ठरवलं, म्हणजे कुणी उघडला तर कळेल. माझा केस मिळेना. हा विषय इथेच पुरे. लेकीच्या कंगव्यातला घेतला.

१२ मार्च, बुधवार

केस नाही! कुणीतरी ड्रॉवर उघडला!

दुपारी आठवलं, सकाळी पेन काढायला मीच उघडला होता. पण तेवढ्याने मांजर निर्दोष ठरत नाही.

१३ मार्च, गुरुवार

मोठा निर्णय. बायको हेडसेटमध्ये कुठे कुठे बघते, हे मांजराला सर्व्हरवरून कळणार. माझी बायको कुठे बघते हे परक्या माणसाला कळायचं काय कारण? म्हणून तिच्या हेडसेटकडून येणारी माहितीच बंद केली.

मग कुठले तुकडे स्पष्ट पाठवायचे हे कोण ठरवणार? मी. माझा हेडसेट म्होरक्या. मी सभागृहात बसून जिकडे बघेन तिकडचं चित्र स्पष्ट, ते तिला जाणार. मी लेकीकडेच बघणार, म्हणजे तिला लेकच दिसणार. यात चुकायला जागाच नाही. हे आतापर्यंत कुणाला सुचलं कसं नाही, याचंच नवल वाटतं.

१७ मार्च, सोमवार

म्होरक्याची टेस्ट घेतली. मीटिंग रूममध्ये कॅमेरा मधोमध. मी हेडसेट लावून फळ्याकडे बघितलं. दुसऱ्या हेडसेटमध्ये फळा झकास. अक्षर न् अक्षर. मी खिडकीकडे वळलो तर खिडकी झकास. फळा विरघळला, पण तो तेव्हा नकोच होता.

मांजर दारात उभा. किती वेळ उभा होता देव जाणे. म्हणाला, सर, पण बघणाऱ्याच्या नजरेऐवजी तुमची नजर घेतली तर धोका नाही का? मी म्हणालो, कसला धोका? तो म्हणाला, तुम्ही दुसरीकडे बघितलंत तर? मी मोठ्याने हसलो. माझ्या मनात शंका यावी हेच त्याला हवं होतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माझा आत्मविश्वास खच्ची करायचा डाव आहे.

१९ मार्च, बुधवार

कॉलेजात जाऊन नाटकाच्या बाईंना भेटलो. छान बाई, फक्त घाईत असतात. त्यांना पटवलं, की प्रेक्षकांचे मोबाईल प्रयोगात बंदच ठेवायला लावा. मी इतकं उत्तम चित्रीकरण करतोय की बाकी कुणी फोन वर धरायची गरज नाही. प्रत्येक पालकाला कॉपी देईन. बाई म्हणाल्या, वा, फार बरं होईल. त्यांना काय माहीत, मोबाईल बंद करायचं खरं कारण काय आहे. मोबाईलवर मांजर माझी सगळी मांडणी टिपून नेऊ शकतो.

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड हाही धोकाच. त्यावर चारही बाजूंचं पूर्ण चित्र स्पष्ट साठतं. ते कुणी खिशात घातलं तर? कार्ड काढून कपाटात ठेवलं. सर्व्हरवर जे पाठवलं जाईल तेवढंच साठेल, आणि त्याचा पासवर्ड फक्त मला माहीत.

पासवर्ड बदलला. नवीन कुठेही लिहून ठेवलेला नाही. इथेही लिहिणार नाही.

२० मार्च, गुरुवार

पासवर्ड विसरलो. मांजराकडून नवा करून घ्यावा लागला. त्याने एक शब्द विचारला नाही. फारच शांत होता.

२२ मार्च, शनिवार, सकाळी

आज. हेडसेट परवाच बायकोला पोचलाय. तिने आज अर्धा दिवस सुटी काढली आहे. साइटवरच्या ऑफिसात खुर्ची ओढून बसणार, दाराला आतून कडी लावणार म्हणाली. रडायचं झालं तर कुणी बघायला नको. हे ऐकून मला काहीतरी वाटलं. लेक तोंडाला रंग लावून घ्यायला लवकर गेली. जाताना म्हणाली, बाबा, शेवटचा प्रवेश. मी म्हणालो, डोळ्यांत तेल घालून बघतो.

संकल्प: आज मांजराचा विचारसुद्धा करायचा नाही.

२२ मार्च, मध्यंतर

घाईत लिहितोय, बाथरूममध्ये. मांजर आलाय!

शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात. मांडीवर लॅपटॉप. कुणाचं नाटक, कुणाची मुलगी, याचं इथे काय काम? मी कॅमेऱ्याशेजारी तिसऱ्या रांगेत, डोक्याला हेडसेट. हेडसेटमुळे एक सोय झाली: मी कुठे बघतोय ते त्याला कळत नाही. मी आरामात पूर्ण मागे वळून त्याच्यावर पाळत ठेवली. त्याला वाटत असणार, मी नाटक बघतोय. माझ्या मागच्या बाईंनी जागा बदलली. पंख्याचा वारा लागत असावा.

एक सेकंद नजर हटवली नाही. सारखा टाइप करतोय. कपाळाला आठ्या. दोनदा माझ्याकडे बघून हात हलवला. ओळख दाखवून मला गाफील ठेवायचा प्रयत्न. नाटकात टाळ्या पडल्या. लेकीचं काम जोरात चाललं असावं.

मध्यंतर होताच तो माझ्या दिशेने निघाला, म्हणून मी इथे आलो. बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. सर, सर, असा आवाज. उत्तर देणार नाही. माझा फोन आधीपासूनच बंद ठेवलाय, त्यातूनही कुणी घुसू नये म्हणून.

२२ मार्च, संध्याकाळी

संपूर्ण यश. प्रसारण एकदाही तुटलं नाही.

आणि पुरावाही मिळाला. शेवटच्या प्रवेशात सभागृह इतकं शांत झालं की कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. तेव्हा मांजराने लॅपटॉप मिटला. समोर बघत राहिला. आणि रडायला लागला. हुंदका नाही, नुसतं पाणी. चष्मा काढून हातात धरला. एवढा मोठा माणूस! अपराधी भाव, दुसरं काही नाही. हे सगळं हेडसेटमध्ये इतकं स्पष्ट दिसलं, की त्याच्या शर्टाच्या कॉलरवरचा शाईचा डागसुद्धा सांगू शकतो. चित्राची गुणवत्ता अफाट.

पडदा पडला तेव्हा लोक उभे राहिले. लेक धावत आली, रंगासकट मिठी मारली आणि विचारलं, बाबा, शेवट कसा झाला? मी म्हणालो, फार सुंदर. ती म्हणाली, आईला फोन लावूया. मी म्हणालो, आधी घरी जाऊ, इथे नको. भिंतींनाही कान असतात म्हणतात, इथे तर मांजर होता.

२३ मार्च, रविवार

फोन चालू केला. बायकोचे कितीतरी मिस्ड कॉल. सगळे कालच्या प्रयोगाच्या वेळचे.

तिला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, की तिला पूर्ण वेळ एक तपकिरी ठिपका इकडून तिकडे फिरताना दिसला. तिने तोंड जवळ नेऊन बघितलं, मान वाकडी करून बघितलं, हेडसेट पुसून बघितला. आवाज आपल्या लेकीचा, आणि चेहऱ्याच्या जागी पीठ. बाकी मागची रांग एकदम स्पष्ट. कोपऱ्यात चष्मा घातलेला एक मुलगा होता, तो कोण, असं विचारलं. त्याचं सगळं दिसलं म्हणाली. शेवटी तिने समोर बघणं सोडून दिलं आणि त्याच्याकडेच बघत राहिली. म्हणाली, आपल्या पोरीने काय केलं ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग फोन ठेवला.

मी म्हणालो, नेट तुमच्या बाजूचं कमी पडलं असेल. पण तिने फोन आधीच ठेवला होता.

दुपारी लेक म्हणाली, मला बघायचंय. मी टाळायला बघितलं, पण तिने हेडसेट लावलाच. शेवटचा प्रवेश. ती खूप वेळ स्टेजकडे तोंड करून बसली. मग हळूहळू मागे वळली. मग हेडसेट काढला आणि विचारलं, बाबा, तू कुठे बघत होतास?

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तुकडे, सर्व्हर, मांजर, धोका. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला भूक नाहीये. आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२४ मार्च, सोमवार

नाटकाच्या बाईंचा फोन. पालक कॉपी मागतायत. कुणाकडेच दुसरं चित्रीकरण नाही. मी म्हणालो, काही तांत्रिक प्रक्रिया बाकी आहे. हे खोटं नाही.

मॅडमनी बोलावलं. कळलं ते असं: प्रयोगाच्या काही दिवस आधी माझ्याच बायकोने मॅडमना फोन केला होता. की सभागृहात हा एकटाच असणार, काही अडलं तर जवळ एखादं शहाणं माणूस असू दे, पण त्याला कळू देऊ नका, त्याला लागेल. म्हणून मॅडमनी मांजराला पाठवलं. तो सभागृहाच्या नेटवरून माझं प्रसारण तुटू नये म्हणून झटत होता. स्टेज धूसर जातंय हे त्याला सर्व्हरवर दिसत होतं, तेच सांगायला तो हात करत होता. मॅडम म्हणाल्या, अहो, तुम्ही बाथरूमचं दार का उघडलं नाहीत? मी म्हणालो, पोट बिघडलं होतं. मॅडम म्हणाल्या, बरं. ते 'बरं' मला आवडलं नाही.

यातही एक शंका राहतेच: बायकोकडे मॅडमचा नंबर कुठून आला?

२५ मार्च, मंगळवार

मांजराला चहाच्या मशीनपाशी गाठलं. थेट विचारलं, तू रडलास का? तो म्हणाला, सर, माझ्या आईचं असंच झालं. ती रेडिओ कानाला लावायची आणि बॅटरी संपली म्हणायची. आम्ही बॅटरी बदलत राहिलो, दोन-तीनदा तरी. तुमच्या मुलीने घड्याळाला किल्ली दिली आणि परत कानाला लावलं ना, तेव्हा मला राहवलं नाही.

किल्ली दिली होती? मी मान हलवली, हो, तो भाग छानच होता म्हणालो.

यावर आणखी काही लिहीत नाही.

२७ मार्च, गुरुवार

कॉलेजात विचारून आलो, की पुन्हा प्रयोग होईल का. नेपथ्य मोडलं, फळ्या परत गेल्या. दोघं-तिघं परीक्षेला बसली आहेत. बाई घाईत नव्हत्या, उलट फार वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, खर्च मी करतो. त्या म्हणाल्या, खर्चाचा प्रश्न नाही हो.

लेक माझ्याशी बोलते. जेवलास का, चावी घेतलीस का, दूध आलं का. एवढंच. मला फार वाईट वाटतंय. हे इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगायला गेलो की मी तुकड्यांवर येतो.

संकल्प: मांजराला आता नावाने हाक मारायची. त्याचं नाव विचारून घ्यायचं.

३० मार्च, रविवार

लेकीने सकाळी स्वतःच ठरवलं. बायकोची जुनी शाल खांद्यावर घेतली, पावडर फासून केस पांढरे केले. टेबलावर माझं किल्लीचं घड्याळ. बायको साइटवरच्या ऑफिसातून साध्या व्हिडिओ कॉलवर. आज तिकडे काम बंद. चित्र अडकत होतं, मधूनमधून चौकटी चौकटी दिसत होत्या. मी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं. दोघी एकदम म्हणाल्या, तू गप्प बस.

मला काम दिलं: फोन धरायचा. लेकीने माझा हात धरून उंची ठरवून दिली. म्हणाली, हलवू नकोस. आणि बाबा, फक्त माझ्याकडे बघ.

धरला. श्वाससुद्धा जपून घेतला. ती वाकून चालत आली, खुर्चीत बसली, घड्याळ हातात घेतलं. तिचे हात म्हातारे वाटले. ही आपलीच पोर आहे यावर विश्वास बसेना. काचेवर बोट फिरवलं तिने, आणि घड्याळ हळूहळू कानाकडे न्यायला लागली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. कुणीतरी आमच्या दारापाशी येऊन थांबलं. बेल नाही. मग दाराखालून काहीतरी सरकवल्याचा आवाज.

हात तसूभर हलू दिला नाही. फोन लेकीवरच होता, अगदी मधोमध. मान तेवढी वळली.

जाहिरातीचा कागद होता. सोफे, गाद्या घरी येऊन धुऊन मिळतील.

परत बघितलं तर लेक घड्याळ टेबलावर ठेवत होती. फोनमध्ये बायको दोन्ही हातांनी डोळे पुसत होती. लेक शाल न काढता तशीच बसून राहिली होती. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, बाबा, कसं झालं?

फार सुंदर, म्हणालो. बायकोही तेच म्हणाली. झालंच असणार.